नागपूरहून प्रवासाला निघणारा लॅपटॉप: निवड, बांधाबांध आणि निगा

प्रवासासाठी लॅपटॉप घ्यायचा म्हटले की बोलणे प्रोसेसरपासून सुरू होते, आणि दुकानदारालाही तेच सोयीचे असते. नागपुरातून नेहमी बाहेरगावी जाणाऱ्या माणसाने मात्र ही सुरुवात बॅटरीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात येथील दुपारचा पारा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, तर बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. ही मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली असते, पण ते पान सहसा कोणी उघडून पाहत नाही. लॅपटॉपच्या सगळ्या भागांत उष्णतेने सर्वांत लवकर म्हातारा होणारा भाग म्हणजे त्यातली लिथियम-आयन बॅटरी. म्हणून कोणता लॅपटॉप घ्यावा आणि घेतलेला कसा सांभाळावा, हे दोन्ही प्रश्न आपल्याकडे अखेर बॅटरी आणि ऊन यांच्यापाशीच येऊन थांबतात. पुढील सूचना याच क्रमाने दिल्या आहेत: आधी खरेदी, मग बांधाबांध, मग वाट, आणि शेवटी घरी परतल्यावरची कामे.

आधी प्रवासाचा हिशेब मांडावा

दुकानात जाण्यापूर्वी गेल्या वर्षभरातले आपले प्रवास आठवून कागदावर लिहावेत. कसे गेलो, किती तास लागले, वाटेत काम करावे लागले का, आणि मुक्कामी वीज कशी होती, एवढे लिहिले तरी पुरे. मिहानमधल्या कंपनीत काम करणारा आणि महिन्यातून एकदा विमानाने बंगळुरू गाठणारा अभियंता, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आणि मुंबईत अशा दोन्ही ठिकाणी उभे राहणारे वकील, एसटीने गडचिरोली-भामरागडकडे फिरणारा संस्थेचा कार्यकर्ता, आणि सुट्टीत पुण्याहून ट्रॅव्हल्सने घरी येणारी विद्यार्थिनी, या चौघांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत. विमानाने जाणाऱ्यासाठी वजन महत्त्वाचे असते. भामरागडला जाणाऱ्यासाठी दिवसभर टिकणारी बॅटरी आणि धक्के सोसणारी बांधणी महत्त्वाची असते, आणि त्याने थोडे जास्त वजन पत्करायला हरकत नाही.

वजनाच्या बाबतीत मात्र जाहिरातीतला आकडा अपुरा असतो. चौदा इंची पडद्याचा साधा लॅपटॉप सव्वा ते दीड किलोचा, पंधरा-सोळा इंची पावणेदोन किलोच्या आसपासचा आणि गेमिंगचा सव्वादोन किलोहून जास्त भरतो. यात अडॅप्टर धरलेला नसतो, आणि गेमिंग लॅपटॉपच्या अडॅप्टरची वीट एकटीच अर्धा किलोच्या वर जाऊ शकते. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला बहुतेक कंपन्या 7 किलोंची मर्यादा घालतात, तेव्हा हा अर्धा किलो जाणवतो. नेहमी फिरणाऱ्याने चौदा इंचांच्या पुढे जाण्याआधी दोनदा विचार करावा.

पडद्याबद्दल दोनच गोष्टी पाहाव्यात. तो चकचकीत आहे की मॅट, आणि त्याची उजळता किती निट्स (उजेड मोजण्याचे एकक) आहे. अडीचशे निट्सचा पडदा घरात ठीक दिसतो. रेल्वेच्या खिडकीशी, आपल्याकडच्या उन्हात, त्यावर स्वतःचा चेहराच जास्त दिसतो. चारशे निट्सचा मॅट पडदा मिळत असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणे योग्य ठरते.

बॅटरीचा आकडा कसा वाचावा

जाहिरातीत ‘पंधरा तास बॅटरी’ असे लिहिलेले असते. ते मंद उजेडात, वायफाय जवळजवळ बंद ठेवून मोजलेले असण्याची शक्यता अधिक असते, म्हणून तासांच्या आकड्याकडे दुर्लक्ष करून वॉट-अवर विचारावेत. बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे हे माप आहे. माहितीपत्रकात ते थेट दिलेले नसेल, तर बॅटरीचे व्होल्ट आणि मिलिअँपिअर-अवर यांचा गुणाकार करून त्याला 1000 ने भागावे. उदाहरणार्थ, 15.4 व्होल्ट आणि 3500 मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत जवळजवळ 54 वॉट-अवर ऊर्जा मावते. आता हलके लेखन-वाचन करताना लॅपटॉप साधारण 8 वॉट खात असेल, तर ही बॅटरी पावणेसात तास पुरते. व्हिडिओ बैठकीत तोच लॅपटॉप 15 वॉट खाऊ लागला, तर साडेतीन तासांत ती संपते. स्वतःच्या कामाचा हिशेब असा मांडला की जाहिरातीचा मोह आपोआप उतरतो. माझ्या मते नियमित फिरणाऱ्याने 50 वॉट-अवरपेक्षा लहान बॅटरीचा लॅपटॉप घेऊ नये.

मोठ्या बॅटरीलाही एक वरची सीमा आहे आणि ती विमानप्रवासाने घातली आहे. 100 वॉट-अवरपर्यंतची बॅटरी प्रवाशाला हातातल्या सामानात कोणाच्या परवानगीशिवाय नेता येते. 100 ते 160 वॉट-अवरच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची संमती लागते, आणि त्याहून मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या आपल्या सर्वांत मोठ्या बॅटऱ्या 99 वॉट-अवरच्या आसपास का थांबवतात, हे यावरून लक्षात यावे.

बॅटरीची क्षमता वापराने कमी होत जाते, हे सर्वांना ठाऊक असते. ती नुसत्या बसून राहण्यानेही कमी होते, आणि पूर्ण भरलेली बॅटरी तापलेल्या जागेत पडून असेल तर सर्वांत लवकर कमी होते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. म्हणून घेतानाच एक सोय तपासावी: बॅटरी 80 टक्क्यांवर भरणे थांबवता येते का? लेनोवो, आसुस, डेल, एचपी यांच्या अनेक लॅपटॉपांत ही सोय कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) असते. एरवी घरी आणि कार्यालयात प्लग लावूनच काम करणाऱ्याने मार्च ते जून ही मर्यादा चालू ठेवावी आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीच ती काढावी.

चार्जरकडे लक्ष द्यावे

प्रवासात अडचण होते ती बहुधा चार्जरमुळे. यूएसबी टाइप-सी पोर्टमधून चार्ज होणारा लॅपटॉप घेतला, तर 65 वॉटचा एकच लहान चार्जर लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हींना पुरतो, आणि तो हरवला तर चंद्रपूर किंवा अमरावतीतही दुसरा मिळतो. मात्र प्रत्येक टाइप-सी पोर्ट लॅपटॉपला वीज देणारा नसतो; काही पोर्ट फक्त माहितीची देवाणघेवाण करतात. हे माहितीपत्रकात ‘पॉवर डिलिव्हरी’ या शब्दांनी लिहिलेले असते. तरीही दुकानातच टाइप-सी चार्जर लावून चार्जिंगची खूण उमटते का ते पाहावे.

आता चार्जरवरची बारीक अक्षरे वाचावीत. ‘इनपुट’ या शब्दापुढे ‘100-240 व्होल्ट, 50-60 हर्ट्झ’ असे छापलेले असले पाहिजे. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची असते, पण रेल्वेच्या अनेक डब्यांतल्या चार्जिंग पॉइंटवर 110 व्होल्टचा पुरवठा असतो. चांगला चार्जर दोन्ही ठिकाणी निमूटपणे चालतो. फुटपाथवरून घेतलेल्या स्वस्त चार्जरवर कधी फक्त ‘220 व्होल्ट’ एवढेच छापलेले असते, आणि तो डब्यात लावल्यावर बॅटरी भरत का नाही म्हणून माणूस पॉइंटला दोष देत बसतो.

पॉवर बँक घ्यायची असेल, तर 20,000 मिलिअँपिअर-अवरची घ्यावी. 3.7 व्होल्टने गुणल्यास ती 74 वॉट-अवरची भरते, म्हणजे विमानाच्या मर्यादेत बसते. तिच्या टाइप-सी पोर्टमधून निदान 45 वॉट बाहेर पडले पाहिजेत. मोबाइलसाठीच्या 18 किंवा 22 वॉटच्या पॉवर बँकेने लॅपटॉप एकतर चार्जच होत नाही किंवा अगदी रेंगाळत होतो.

बाकीचे भाग थोडक्यात

रॅम 16 जीबी असावी, कारण पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा मदरबोर्डलाच जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. साठवणीसाठी एसएसडी (फिरणारा भाग नसलेली डिस्क) हीच हवी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला 5400 वेळा फिरणारी तबकडी असते, आणि एसटीच्या मागच्या सीटवर बसून चालू हार्ड डिस्कला धक्के खायला लावणे म्हणजे माहिती गमावण्याची तयारी करणे होय. ‘एमआयएल-एसटीडी-810एच’ असा शिक्का पाहून भुलू नये. तो अमेरिकी लष्कराच्या चाचणीपद्धतींचा संच आहे, त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीच ठरवते, आणि लॅपटॉप पडून फुटला तर त्या शिक्क्यावर वॉरंटीतून भरपाई मिळत नाही.

जुना लॅपटॉप घेणाऱ्याने एवढे पाहावे की तो विंडोज 11 अधिकृतपणे चालवू शकतो. विंडोज 10 साठीचा मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे यंत्र विंडोज 11 साठी चालते. बॅटरीची खरी अवस्थाही विक्रेत्यासमोरच तपासता येते. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला लागूनच ‘बॅटरीरिपोर्ट’ असे (powercfg /batteryreport) टंकून एंटर दाबल्यावर एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या 70 टक्क्यांखाली गेला असेल, तर नव्या बॅटरीची किंमत व्यवहारातून वजा करून घ्यावी.

दुकानातली दहा मिनिटे

ऑनलाइन किंमत कमी दिसली, तरी पसंत केलेले मॉडेल एकदा सीताबर्डीच्या एखाद्या दुकानात जाऊन हाताळावे. झाकण एका हाताने उघडून पाहावे; खालचा भाग सोबत उचलला जात असेल, तर बिजागरी घट्ट आहे. हा दोषच असतो असे नाही. झाकण कोपऱ्यातून उघडताना मात्र पडदा पिळवटल्यासारखा वाकत असेल, तर तो लॅपटॉप प्रवासाचा नव्हे. कीबोर्डच्या मधोमध अंगठ्याने दाबून तो किती खचतो ते पाहावे. लॅपटॉप उलटा करून हवा आत घेणाऱ्या जाळ्या कुठे आहेत ते पाहावे. जाळ्या पूर्णपणे तळाला असतील, तर मांडीवर किंवा रेल्वेच्या बर्थवर ठेवल्यावर त्या झाकल्या जाणार, हे उघड आहे. मागच्या किंवा बाजूच्या कडेने गरम हवा सोडणारे यंत्र प्रवाशाला जास्त सोयीचे पडते.

वॉरंटी विचारताना ‘किती वर्षे’ यापेक्षा ‘कुठे’ हा प्रश्न आधी विचारावा. दुरुस्ती घरी येऊन होणार की सेवा केंद्रात न्यावे लागणार, कंपनीचे केंद्र नागपुरात आहे का, आणि ज्या गावी आपण वारंवार जातो तिथे कोणी येते का, हे बिल करण्यापूर्वी समजून घ्यावे. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे विकत मिळते, आणि सतत फिरणाऱ्याने ते घ्यावे, असे मी सुचवीन, कारण साधी वॉरंटी सांडलेल्या चहाची किंवा तडकलेल्या पडद्याची जबाबदारी घेत नाही. बिलावर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. चोरीची तक्रार आणि विम्याचा दावा या दोन्हींत तो मागितला जातो. विक्रेत्याने किंवा कंपनीने टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी

सर्वप्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत काढावी. एक प्रत बाहेरच्या एसएसडीवर आणि एक क्लाउडवर असावी, आणि ती एसएसडी लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. पिशवी गेली तर दोन्ही एकदम जातात. ती कपड्यांच्या बॅगेत ठेवावी.

त्यानंतर एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवण्याची सोय, चालू आहे का ते पाहावे. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर, आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. हे चालू असेल, तर चोराच्या हाती यंत्र लागते, मजकूर लागत नाही. बिटलॉकरची 48 आकडी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन आहे याची खात्री करून घ्यावी, आणि तिची एक प्रत घरी कागदावर ठेवावी. ही की नसेल तर एखाद्या अपडेटनंतर लॅपटॉप मालकालाच आत घेणार नाही. ‘फाइंड माय डिव्हाइस’ हीसुद्धा याच वेळी चालू करावी. मोठे विंडोज अपडेट मात्र आदल्या रात्री सुरू करू नये. ते दोन-तीन दिवस आधी उरकावे.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तिचेच मोल सर्वांत जास्त आहे. नुसते झाकण लावले की लॅपटॉप ‘स्लीप’मध्ये जातो. नव्या लॅपटॉपांत ही झोप अर्धवट असते. नेटवर्क आणि पार्श्वभूमीतली कामे अधूनमधून जागी होतात, आणि बंद पिशवीत, हवा नसताना, यंत्र तापू लागते. स्टेशनवर उतरल्यावर पिशवीच्या पाठीकडच्या बाजूला हात लावला तर ती कोमट नव्हे, चक्क गरम लागते, आणि सकाळी भरलेली बॅटरी निम्म्यावर आलेली असते. यावर उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडावे, पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावे हे ठरवणाऱ्या पानावर जाऊन ‘हायबरनेट’ हा पर्याय चालू करावा, आणि झाकण लावल्यावरही हायबरनेटच व्हावे असे ठरवून द्यावे. उघडलेल्या फायली तशाच राहतात, आणि यंत्र मात्र पूर्ण बंद होते. काही लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाही; तेथे पिशवीत घालण्यापूर्वी सरळ शट डाउन करावे. शेवटचा दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मगच लॅपटॉप पिशवीत सरकवावा.

पिशवी भरताना

लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून असावा, आणि त्याचा तळ पिशवीच्या तळापासून दोन बोटे वर शिवलेला असावा. दुकानात पिशवीत हात घालून हे सहज कळते. तो तळापर्यंत गेलेला असेल, तर पिशवी जमिनीवर टेकवताना बसणारा प्रत्येक धक्का लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसतो. पाण्याची बाटली बाहेरच्या खिशातच ठेवावी, आतल्या कप्प्यात कधीही नाही. नागपूरकर पाहुणा म्हणून जाताना संत्रा बर्फीचा डबा नेतो, आणि तो बहुधा याच पिशवीत सर्वांत वर बसतो. त्याचा तूपकट चिकटपणा कीबोर्डमधून काढणे फार जिकिरीचे असते, म्हणून त्याला वेगळी पिशवी द्यावी. झाकण लावण्यापूर्वी कीबोर्डवर पेन, इअरफोन किंवा कागदाची पिन राहिलेली नाही ना, हे पाहावे. पडदे तडकण्याचे हे नेहमीचे कारण आहे. चार्जर लॅपटॉपच्या पाठीला टेकवून ठेवू नये, कारण गर्दीत पिशवी दाबली गेली की त्याचा टोकदार कोपरा थेट पडद्यावर रुततो.

वाटेत

मोटारीने जाणाऱ्यांनी एक नियम कसोशीने पाळावा: थांबलेल्या गाडीत लॅपटॉप ठेवायचा नाही. उन्हात उभ्या बंद गाडीच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा झपाट्याने वाढते, आणि मे महिन्यात ते 60 अंशांच्या पुढे जाणे मुळीच अवघड नाही. अनेक कंपन्या बंद लॅपटॉप साठवण्यासाठी 45 किंवा 60 अंशांची कमाल मर्यादा देतात. समृद्धी महामार्गावरून मुंबईकडे 701 किलोमीटरचा पल्ला गाठताना दुपारी जेवायला थांबलो, तर पिशवी खांद्याला लावून सोबत न्यावी. डिकीत सावली असते, थंडावा नसतो. नवतपाच्या दिवसांत तर शक्य असल्यास पहाटेच निघावे. चुकून लॅपटॉप तापलाच, तर तो लगेच सुरू करू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. सावलीत, पंख्याखाली, हाताला साधा लागेपर्यंत ठेवावा. लवकर गार व्हावा म्हणून एसीच्या झोतासमोर धरणे टाळावे.

रेल्वेने रात्रीचा प्रवास असेल, तर चार्जिंग डब्यात बसल्याबरोबर उरकावे. आगीच्या धोक्यामुळे रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेत डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याची पद्धत रेल्वेने 2021 पासून अनेक गाड्यांत लागू केली आहे. बॅटरी भरायला साधारण दोन तास लागतात असे धरले, तर रात्री नऊनंतर आठवण होणे उशिराचे ठरते. हे पॉइंट मोबाइल आणि लहान चार्जरपुरते आहेत, तेव्हा 180-200 वॉटचा गेमिंग अडॅप्टर तिथे लावू नये. सॉकेट सैल असेल आणि प्लग लोंबकळत ठिणगी दिसत असेल, तर तो मोह सोडावा. झोपताना पिशवी डोक्याखाली किंवा भिंतीच्या बाजूला घ्यावी. सीटखाली ठेवायचीच असेल, तर साखळीने बांधावी. पिशवीला साखळी लावली तरी चेन उघडता येते, हे विसरू नये. स्टेशनवरचे मोफत वायफाय वर्तमानपत्र वाचायला ठीक आहे, बँकेच्या कामासाठी मोबाइलचा हॉटस्पॉट वापरावा.

ट्रॅव्हल्सच्या किंवा एसटीच्या डिकीत लॅपटॉप देऊ नये. तिथे उष्णता, धूळ आणि वर पडणाऱ्या जड बॅगा तिन्ही एकत्र असतात. वरच्या रॅकपेक्षा तो मांडीवर किंवा पायांच्या मध्ये उभा ठेवलेला बरा. बसमधले साधे यूएसबी पॉइंट मोबाइलपुरतेच असतात.

विमानतळावर, म्हणजे आपल्या सोनेगावला, सुरक्षा तपासणीत लॅपटॉप पिशवीतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावा लागतो, म्हणून तो वरच्यावर निघेल असा ठेवावा. क्ष-किरणांनी एसएसडीला किंवा हार्ड डिस्कला काही होत नाही. ट्रे यंत्राच्या तोंडाशी गेल्यावरच स्वतः पुढे जावे, आणि पलीकडे तो बाहेर येईपर्यंत नजर ठेवावी. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातच हवी. लॅपटॉपही हातातच असावा. विमानात पॉवर बँक वापरण्याबाबत कर्मचारी जे सांगतील तेच पाळावे.

मुक्कामी

उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर लागतात, आणि पाहुण्याला आग्रहाने कूलरसमोर बसवले जाते. त्या झोतात पाण्याचे बारीक तुषार असतात, म्हणून लॅपटॉप झोताच्या रेषेत नसावा, बाजूला असावा. गादीवर किंवा उशीवर ठेवून काम केल्यास तळाच्या जाळ्या बंद होतात. एक पाटी किंवा जाड पुठ्ठ्याचे पुस्तक खाली घेतले तरी फरक पडतो.

पावसाळ्यात प्रश्न बदलतो. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की एसी डब्यातून बाहेर काढलेल्या गार लॅपटॉपवर सहसा काही जमत नाही. जुलैत हवा दमट असते, आणि 18-20 अंशांच्या खोलीत रात्रभर राहिलेला लॅपटॉप बाहेर काढताच थंड पेल्याला सुटतो तसा त्याला घाम सुटू शकतो. अशा वेळी तो पिशवीतच, चेन लावून, अर्धा तास राहू द्यावा आणि मग उघडावा. लडाखसारख्या ठिकाणी उलट काळजी घ्यावी लागते. शून्याखालच्या तापमानात बॅटरी चार्ज केल्यास तिला कायमचा अपाय होतो, म्हणून आधी यंत्र खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

आतल्या गावांत आणि जंगलालगतच्या रिसॉर्टमध्ये वीज वरखाली होते किंवा जनरेटरवर चालते. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे साधन) असलेला लहान बोर्ड सोबत ठेवावा. साधा एक्स्टेंशन बोर्ड ते काम करत नाही. विदर्भात पावसाळ्यापूर्वी विजा फार कडाडतात, तेव्हा प्लग काढून बॅटरीवर काम करावे. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर तीन पिनांचा प्लग योग्य अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावावा.

अडचण आलीच तर

चहा किंवा पाणी सांडले, तर आधी चार्जर काढावा आणि पॉवर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करावा. कापडाने टिपून, उघड्या पुस्तकासारखा उलटा, कीबोर्ड खाली करून ठेवावा. तांदळाच्या डब्यात ठेवणे आणि हेअर ड्रायरने वाळवणे हे दोन्ही उपाय निरुपयोगी आहेत, दुसरा तर घातकही आहे. चालतो का हे पाहण्यासाठी तो सुरू करू नये. गोड चहाचे अंश सर्किटवर राहतात, म्हणून लवकरात लवकर उघडून साफ करून घेणे आवश्यक असते.

ट्रॅकपॅड वर उचलला गेला, झाकण नीट बसेना, किंवा टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. त्याच क्षणी चार्जिंग थांबवावे, ट्रॅकपॅड दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये, आणि असा लॅपटॉप विमानात नेऊ नये. बॅटरी सेवा केंद्रात बदलून घ्यावी आणि जुनी कचऱ्यात न टाकता ई-कचरा म्हणून द्यावी.

रेल्वेत चोरी झाली, तर 139 वर कळवावे आणि डब्यातच टीटीई किंवा सुरक्षा कर्मचाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. त्यासाठी उतरण्याच्या स्टेशनपर्यंत थांबण्याची गरज नाही. त्यानंतर मोबाइलवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत, यंत्र दूरून लॉक करावे. पैशांची फसवणूक झाल्याचे दिसले, तर 1930 वर लगेच फोन करावा.

परतल्यावर

घरी आल्यावर लॅपटॉप बंद करून पडदा मायक्रोफायबरच्या किंचित ओलसर कापडाने पुसावा आणि कीबोर्ड मऊ ब्रशने झाडावा. जाळ्यांतली धूळ हवेच्या लहान झोताने काढावी. झोत मारताना पंखा मोकाट फिरू देऊ नये, त्याच्या पात्यांना बारीक काडी लावून धरावी. व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, आतली सफाई जाणकाराकडून करून घ्यावी आणि तीन-चार वर्षे जुन्या लॅपटॉपची थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) तेव्हाच बदलावी, म्हणजे तो उन्हाळ्याला तयार असतो. 80 टक्क्यांची मर्यादा पुन्हा चालू करावी. पुढचे काही आठवडे लॅपटॉप वापरायचाच नसेल, तर बॅटरी निम्म्यावर आणून, तो पूर्ण बंद करून, घरातल्या सर्वांत थंड खोलीतल्या कपाटात ठेवावा. पश्चिमेच्या भिंतीला लागलेले कपाट मात्र टाळावे, कारण मे महिन्यात ती भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेलीच असते.